सात दिवसांची गाठ

हाडवालीच्या नवऱ्याने तिच्यावर हात एकदाच उचलला. लग्नाला सात-आठ महिने झाले होते, भाजीत मीठ जास्त पडलं होतं आणि गडी कुठूनतरी डोकं तापवून घरी आला होता. कानशिलात बसली तशी हिने त्याचं मनगट धरलं, कोपर आपल्या पोटाशी घेतलं आणि एकच हिसका दिला. खांदा निखळला. नवरा भिंतीला टेकून बोंबलत बसला आणि ही आत जाऊन चहा ठेवायला लागली. चहा उकळला, गाळला, उभ्या उभ्या प्यायली, कप विसळून ठेवला. मग बाहेर येऊन त्याच्या काखेत टाच रोवली आणि खांदा जागेवर बसवून दिला. त्यानंतर तीस वर्षं त्या माणसाने तिच्यापुढे आवाज म्हणून चढवला नाही. "बायको लाखात एक आहे, फक्त आपले सांधे तिच्या हाताला लागू देऊ नका," असं तो पुढे स्वतःच लोकांना हसत सांगायचा. गेला बिचारा छातीत कळ येऊन. तिथे निखळलेलं काही नव्हतं, त्यामुळे तिला काही करता आलं नाही.

तिला हाडं शिकवली बापाने. बाप खाटीक. मटणाच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं पुढे दुकान आणि मागे एक खोली. सकाळी पुढे जनावरांची हाडं तोडायची आणि दुपारी मागे माणसांची जोडायची, असा त्याचा दुहेरी उद्योग. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण सांधा कुठे उघडतो हे सुरीवाल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याला एक मुलगाही होता, पण तो रक्त दिसलं की ओकायचा. म्हणून विद्या मुलीकडे आली. शिकवायची तऱ्हा अशी की गोणपाटाच्या पोत्यात हाडं टाकायची, मुलीच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि हात आत घालायला लावायचा. हाड कुठलं, कुठल्या बाजूचं, मोडलंय का, मोडलंय तर कसं. चुकलं की तेच हाड बोटांच्या पेरांवर. थंडीच्या दिवसांत, पहाटे, गारठलेल्या बोटांवर. आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत तिने हा मार खाल्ला. बाराव्या वर्षी पायरीवरून घसरलेल्या एका हमालाचा घोटा तिने एकटीने बसवला. बाप कौतुकाचं अक्षर बोलला नाही, पण त्या दिवसापासून मारायचा थांबला.

बाप गेल्यावर पुढचं दुकान बंद झालं आणि मागची खोली राहिली. एक बाक, एक खिडकी, आणि दाताखाली धरायला चामड्याचा एक पट्टा, त्यावर दोन पिढ्यांच्या रोग्यांच्या दातांचे वण. रोगी ओरडायचा, त्याचे नातेवाईक ओरडायचे आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून ही ओरडायची. शिव्या तर अशा द्यायची की बाजारातले सुरीवालेसुद्धा कान टवकारून ऐकायचे. मधेच ती एकदम गोड आवाजात विचारायची, "सासू कशी आहे रे तुझी?" माणूस उत्तराला तोंड उघडतो न उघडतो तोच हाड जागेवर. कित्येकजण तिथेच आडवे झाले, दोघाचौघांनी लुगड्यावर ओकून ठेवलं, एका पैलवान गड्याने शुद्धीवर येताच तिच्या तोंडावर गुद्दा मारला आणि मग तोच पाया पडला. लोक तिला मावशी म्हणायचे. पाठीमागे हाडवाली.

आता तिचा कायदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच झालं. हाड बसवलं की ती दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावायची. त्यावर जुन्या चादरीच्या चिंध्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकात आणि पिठात भिजवलेल्या, गच्च गुंडाळायच्या. वर गाठ. खाटीक धूड टांगायला मारतो तीच गाठ, जी ओढ बसली की आणखी आवळते. चिंध्या वाळल्या की लाकडासारख्या कडक होतात. ही गाठ सात दिवस सोडायची नाही, आणि सोडायची ती बांधणारीनेच. बापाच्या वेळी एका गाडीवानाने खाज सुटली म्हणून तिसऱ्या दिवशी मुलाच्या पायाची गाठ सोडली, पाय वाकडा जुळला, आणि त्याच गाडीवानाने माणसं आणून दुकान फोडलं. तेव्हापासून बापाने जाहीर करून टाकलं की मधे ज्याचा हात गाठीला लागेल, बऱ्यावाईटाचा धनी तो. सगळ्या वस्तीला हे पाठ होतं. लोक आंघोळ चुकवायचे, पण गाठीला बोट लावायचे नाहीत. चाळीस वर्षांत हिच्या हातून गेलेले तीन-चार पंजे आखडले, बोटं मुडपून राहिली. प्रत्येक वेळी तिला कोणीतरी सापडलं. पोराने चाळवलं असेल, आजीने तेल लावलं असेल, मधे कुणीतरी सैल केलं असेल. ती हे मनापासून मानायची, ह्यात लबाडी नव्हती, आणि तेच वाईट होतं.

एक दिवस मेडिकल कॉलेजातल्या एक प्राध्यापिका गल्लीत आल्या. ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या, पायात चामड्याच्या जुन्या चपला. हाडवालीने विचारलं, काय मोडलंय? काही मोडलं नव्हतं. बाई दोन सकाळ नुसत्या बाकाच्या टोकाला बसून बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना येऊन शिकवा. पूरक आणि पर्यायी उपचार असा त्यांनी एक वर्ग काढला होता. त्यात सुया टोचणारे एक गृहस्थ यायचे, झाडपाला देणारी एक म्हातारी यायची, मालिशवाला यायचा, गोड गोळ्यांचे एक डॉक्टर यायचे. कॉलेजातल्या मोठ्या मंडळींनी नाकं मुरडली होती. बाई मुलांना सांगायच्या की तुमचा रोगी आधी ह्यांच्याकडे जाणार आहे आणि मग तुमच्याकडे येणार आहे. तुम्ही हसलात तर तो कुठे गेला होता ते तुम्हाला कधीच सांगणार नाही, आणि ते न कळल्यामुळे तुमच्या हातून तो मरेल. हाडवालीला ह्यातलं निम्मं कळलं. पण डॉक्टर होणाऱ्या पोरांना आपण शिकवायचं, ह्या कल्पनेने ती अशी फुगली की दोन दिवस तिने रोग्यांना शिव्यासुद्धा कमी दिल्या.

पहिल्या वर्षी तिने वर्गात पोतं नेलं. धडधाकट पोरांच्या डोळ्यांना फडकी बांधली आणि हात आत घालायला लावले. चुकलं की पेरांवर हाड. "मावशी, मारू नका," असं बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, मग शिकणार कसे? वर्गात हशा पिकला. शेवटी बाई प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न विचारायच्या: तुमच्या हातून काय बिघडलं, ते मुलांना सांगा. सुयावाल्याने घाम पुसत एक जुनी गोष्ट सांगितली होती, झाडपालावाली म्हातारी तर रडली होती. हाडवालीने छाती काढून सांगितलं की माझ्या हातून काही बिघडत नाही, बिघडतं ते मधे सोडणाऱ्यांच्या हातून. तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका किडकिडीत चष्मेवाल्या पोराने हात वर केला आणि विचारलं, की गाठच घट्ट झाली तर? आत सूज वाढली तर? ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याचा चष्मा काढून त्याच्याच खिशात ठेवला आणि म्हणाली, "सैल बांधायला ती काय वेणीची फीत आहे?" पोरं बाकं बडवून हसली. चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला.

पाच वर्षं ती दर वर्षी त्या वर्गात जात राहिली, आणि दर वर्षी तेच उत्तर देत राहिली. चष्मेवाला तोवर शिकून त्याच कॉलेजच्या इस्पितळात हाडांच्या विभागात डॉक्टर म्हणून लागला होता.

यंदाच्या वर्गाच्या पाच दिवस आधी एका ट्रकवाल्याची बायको आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी नऊ वर्षांची, कठड्यावरून पडलेली, उजव्या कोपराच्या वर हात मोडलेला. कोपर टम्म सुजलं होतं. बाप लांबच्या फेरीवर गेलेला. मुलगी शूर होती, पट्टा दातात धरून तिने हूं की चूं केलं नाही. हाडवालीने हाड बसवलं, खूश झाली, तिच्या गालाचा मुका घेतला. आणि पोर नाचरं आहे, हात हलवेल, म्हणून नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटीच धावत आली. दारातून म्हणाली, मावशी, पोर रात्रभर ओरडत होती, बोटं निळी पडलीत, जरा येऊन बघता का? हाडवाली तेव्हा एका गवंड्याचा गुडघा धरून बसली होती. तिने मान वळवली नाही. "दुखणारच. सात दिवस गाठीला हात लावायचा नाही," एवढं बोलून ती गवंड्याकडे वळली. आई थोडा वेळ दारात घुटमळली आणि गेली. तिसऱ्या दिवशी मुलीचं रडणं थांबलं. बोटं टोचली तरी कळेनात. घरच्यांना वाटलं, दुखायचं थांबलं म्हणजे जुळतंय, आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाचव्या दिवशी ताप चढला, पोर बरळायला लागली आणि हाताला असा वास सुटला की शेजारीण खोलीत पाऊल ठेवीना. तेव्हा आईने तिला उचललं आणि इस्पितळात आणलं. त्या दिवशी कामावर चष्मेवाला होता. त्याने बांधणी कापून काढली. आत कोपरापासून खाली हात काळा पडला होता. तासाभरात मोठ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनी तो कोपराच्या वरून कापला आणि मुलगी वाचली.

हे हाडवालीला कुणीच कळवलं नव्हतं. सहाव्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, पोतं खांद्यावर टाकून ती कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरच्या, इस्पितळाच्या अपघात विभागाच्या बरोबर वरच्या वर्गात हजर झाली. पोरांना डोळे बांधून हाडं ओळखायला लावली, दोघांची पेरं सुजवली, सासूचा विनोद केला. बाईंनी मागून नेहमीचा प्रश्न विचारला. तिने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खाली काच फुटली.

एक नाही, एकापाठोपाठ एक. मग लोखंड फरशीवर आपटल्याचा आवाज, बायकांच्या किंकाळ्या, आणि वर धावत येणारी पावलं. आत आली ती अपघात विभागातली सिस्टर, तिची टोपी कुठेतरी पडली होती आणि ओठ फाटला होता. तिने दार लावून घेतलं, पाठ लावून उभी राहिली आणि धापा टाकत बाईंना सांगितलं. काल जिचा हात कापला त्या मुलीचा बाप सकाळी फेरीवरून परत आला. ट्रकतळावरची सहा-सात माणसं घेऊन आलाय. म्हणतोय, मावशीने बांधलेली गाठ सातव्या दिवसाआधी सोडली म्हणून हात सडला, ज्याने सोडली त्याला दाखवा. त्यांनी डॉक्टरला ड्रेसिंगच्या खोलीतून ओढून काढलंय. मारून टाकतील त्याला.

पोरांची पाचावर धारण बसली. कोणी बाकांखाली शिरलं, कोणी फोन काढले. बाईंनी पोलिसांना कळवलं. हाडवाली मात्र फळ्यापाशी तशीच उभी होती. दारात घुटमळलेली ती आई तिला दिसली. बोटं निळी पडलीत, म्हणाली होती. बघायला चार पावलं टाकायची होती फक्त. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी तिच्या मनात दुसरंही आलं: गप्प बसलं तर? खाली सगळे डॉक्टरलाच दोषी धरतायत. संध्याकाळपर्यंत वस्तीत तेच पक्कं होईल. चाळीस वर्षांचं नाव आहे, बापाचं नाव आहे, आणि तिला कुणी नावं ठेवणार नाही. खालून डॉक्टरची किंकाळी आली. आवाज ओळखीचा होता. मग आणखी एक आली आणि ती अर्ध्यावर तुटली.

ती दाराकडे निघाली तशी बाईंनी तिचा दंड धरला. म्हणाल्या, तुम्ही जाऊ नका, खरं कळलं तर ते तुम्हाला सोडणार नाहीत. म्हणजे बाईंना सगळं कळून चुकलं होतं. हाडवालीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, सिस्टरला बाजूला केलं आणि जिना उतरली. आयुष्यात इतकी ती कधीच भ्यायली नव्हती, बापालासुद्धा.

खाली अपघात विभागाचं पार रण झालं होतं. खाटा उलट्या, औषधांच्या बाटल्यांचा चुरा, फरशीवर आयोडीन आणि रक्त एकमेकांत मिसळलेलं. कोपऱ्यात प्लास्टर घातलेले दोन म्हातारे एकमेकांना धरून बसले होते. मधोमध चष्मेवाला पडला होता. चष्मा नव्हता, एक डोळा सुजून बंद झाला होता, भुवईपासून हनुवटीपर्यंत रक्ताचा ओघळ. एकजण त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. ट्रकवाल्याने त्याच्या कॉलरला धरून त्याला अर्धा वर उचललं होतं आणि तो त्याला एकच प्रश्न विचारत होता. कोणाला विचारून सोडलीस? थोबाडीत. कोणाला विचारून सोडलीस? पुन्हा थोबाडीत. चष्मेवाल्याच्या तोंडात रक्त भरलेलं, तो काय बोलणार? ट्रकवाल्याच्या दुसऱ्या मुठीत ती कापलेली बांधणी होती, पट्ट्या, चिंध्या, सगळं. पुरावा म्हणून त्याने ती कचऱ्यातून काढून आणली होती.

कोणीतरी हाडवालीला बघितलं आणि म्हणालं, मावशी आल्या. मारणारे थांबले. अहो, त्यांनी तिला वाट करून दिली! तळावरच्या अर्ध्या लोकांची हाडं तिनेच जोडलेली. ट्रकवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ती बांधणी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा ह्याला. काय केलं ह्याने माझ्या पोरीचं?"

तिने फक्त मान हलवायची होती. त्या खोलीत तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. तिने बांधणी हातात फिरवली. कापताना कात्री गाठीच्या बाजूने गेली होती, गाठ अजून जशीच्या तशी बसलेली. तिने त्या वाळलेल्या वेढ्यांतून बोट घालून बघितलं. बोट जाईना. चिंधीच्या आतल्या अंगाला कातडं चिकटून वाळलं होतं, लहान मुलीचं, पातळ.

"ह्याने काही केलं नाही," ती म्हणाली. "हात मी घालवला. गाठ घट्ट बसली. तुझी बायको दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली होती, बोटं निळी पडलीत म्हणून. मी उठूनसुद्धा बघितलं नाही. ह्या पोराने सोडली तेव्हा आत हात मेलेला होता. कापला नसता तर तुझी मुलगी गेली असती."

ट्रकवाल्याच्या डोक्यात ते शिरेना. तो एकदा तिच्याकडे, एकदा डॉक्टरकडे बघत राहिला. त्याला वाचवायला डॉक्टर लोक हिच्याकडून वदवून घेतायत, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. तेव्हा हाडवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जन्मभर जशी रोग्यांवर ओरडली तशी त्या माणसावर ओरडली, की मला वदवणारा अजून जन्माला यायचाय, गाठ माझी, चूक माझी, ह्या पोराच्या अंगाला आता कोणी हात लावला तर त्याचा सांधा न् सांधा मोकळा करीन.

ट्रकवाल्याने डॉक्टरची कॉलर सोडली. त्याने वाकून सलाईनच्या मोडलेल्या स्टँडचा दांडा उचलला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठल्या हाताने बांधलीस?"

"बांधायला दोन्ही हात लागतात," ती म्हणाली, आणि तिने हात मागे घेतले नाहीत.

पहिला दांडा उजव्या हातावर बसला. मनगटाच्या चार बोटं वर, दोन्ही हाडं, आडवी. आवाजावरून तिला कळलं. ती गुडघ्यांवर आली. दुसरा डाव्या पंजावर, फरशीवर टेकलेल्या, आणि त्यात तिची तीन बोटं चेचली. तिसरा डोक्यावर यायचा होता. पण त्याच्याच बरोबर आलेल्या एका आडदांड क्लीनरने दांडा वरच्या वर धरला, ट्रकवाल्याला मागून मिठी मारली आणि बस झालं, बस झालं, म्हणत त्याला खाली बसवलं. ट्रकवाला रक्तात आणि आयोडीनमध्ये मांडी घालून बसला आणि मोठ्याने रडायला लागला. पोलीस आले तेव्हा मारामारी संपलेली होती. त्यांनी त्याला नेलं. हाडवालीने जबाबात सांगितलं की माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही, डॉक्टरची असेल तर डॉक्टरला विचारा.

दुपारी, डावा पंजा मलमपट्टीत गुंडाळून झाल्यावर, तिला प्लास्टरच्या खोलीत स्टुलावर बसवलं. प्लास्टर घालायला दुसरे डॉक्टर होते, पण चष्मेवाला म्हणाला, मी घालतो. त्याच्या भुवईला चार टाके, बरगड्यांना पट्टा, चष्मा कोणाचातरी उसना. सुई देऊन त्याने हात बधिर केला आणि हाड जागेवर आणायला ओढ दिली. तिला ती ओढ पुरेशी वाटली नाही. "अजून ओढ, घाबरतोस काय, मोडलेलंच आहे," असं ती खेकसली. त्याच्या फुटलेल्या ओठावर जरासं हसू आलं आणि त्याने ओढलं. मग त्याने कच्चं प्लास्टर घातलं, म्हणजे पूर्ण गोल नाही, एका बाजूने पन्हळ आणि वर सैलसर पट्टी, सुजेला जागा राहील असं. बोटं सगळी उघडी. ती डोळे बारीक करून त्याच्या हातांकडे बघत होती. कुणी कधी तिच्यासमोर असं बांधलं नव्हतं. त्याने तिच्या प्रत्येक नखावर दाब देऊन सोडला आणि नख पांढरं होऊन परत लाल होतं का ते बघितलं. उसन्या चष्म्यातून त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून त्याने सगळं दोनदा केलं.

मग तो भिंतीकडे तोंड करून हात पुसत, दिवसातून वीस वेळा प्रत्येकाला जे सांगतो ते तिला सांगायला लागला. तोंडपाठ, एका सुरात. हात उंच ठेवा. बोटं हलवत राहा. दुखणं वाढत गेलं, बोटं निळी-काळी पडली किंवा बधिर झाली, तर ताबडतोब या, कोणतीही वेळ असली तरी. यायला उशीर होणार असेल तर वाट बघू नका, पट्टी घरीच कापून टाका. हाड पुन्हा बसवता येतं, हात परत येत नाही.

हाडवालीने मान खाली घातली. खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. डोळे पुसायला तिला एकही हात नव्हता.

मुलीची आई दारात उभी होती. मुलीच्या जखमेची पट्टी बदलायची कधी, हे विचारायला ती डॉक्टरला शोधत आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून ती हाडवालीच्या उघड्या ठेवलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"एवढंच सांगितलं असतंत ना, मावशी," ती म्हणाली. "घरात कात्री होती."